निमोण्याची जावा

जुनी मोटारसायकल घ्यावयाची असेल तर ती जेथे रंगवून विक्रीस मांडली जाते तेथे न जाता, जेथे ती राबली आणि राबता राबता थकून गोठ्याच्या पडवीत उभी राहिली तेथे जावे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत आले आहे. आणि शिरूर तालुक्यातील निमोणे या गावी एक जावा बारकाईने पाहण्याचा योग आल्यापासून तर त्याविषयी मला कोणताच संदेह उरलेला नाही.

शिरूर म्हणजे जुन्या दप्तरांतील घोडनदी, इंग्रजी अमदानीतील लष्करी छावणीचे ठाणे. तेथे पुणे-नगरचा हमरस्ता सोडून निमोण्याच्या वाटेला लागले की गळीत हंगामात उसाने भरलेल्या गाड्यांमागून धीमेपणानेच जावे लागते. एकेकाळी ज्वारी-बाजरीवर आणि पावसाच्या लहरीवर जगणारा हा मुलूख. चिंचणीजवळ घोड नदीवर धरण झाले, शेतांना पाणी मिळाले, पुढे न्हावऱ्याला घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि उसाबरोबर रोख पैसा व दुभत्या जनावरांबरोबर रोजची सकाळ-संध्याकाळची धावपळ घरोघर आली. मोटारसायकल येथे आली ती या धावपळीसाठी. हौसेसाठी तिला कोणी आणले नव्हते, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाने तिच्यापुढे उभे राहताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

त्या काळी खेडोपाडी नजरेस पडत ती मुख्यतः तीन यंत्रे : मद्रासची बुलेट, फरिदाबादची राजदूत आणि म्हैसूरची जावा. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर कंपनीच्या यंत्राचे हक्क घेऊन जो उद्योग आरंभिला, त्याची ही जावा रुस्तुम व फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसुरात बांधावयास घेतली. पुढे त्याच कारखान्यातून येझ्दी निघू लागली आणि १९९६ मध्ये तेथील उत्पादन कायमचे थांबले. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकू लागले, तेव्हापासून जुन्यांचीही विचारपूस वाढली आहे. विचारपूस वाढली की किंमत वाढते, आणि किंमत वाढली की बनावट वाढते. म्हणून पारख हा विषय आता पूर्वीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा.

मी एकटा गेलो नव्हतो. जावाच्या इंजिनांवर ज्यांचे सारे आयुष्य गेले असे पुण्याचे एक वयोवृद्ध मिस्त्री कृपा करून बरोबर आले होते, आणि त्यांच्या पिशवीत हत्यारांखेरीज सहा व्होल्टची एक बॅटरी, ताज्या पेट्रोलची बाटली आणि रबरी नळी होती. घरधनी साठीच्या आसपासचे शेतकरी. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची. चहा ठेवण्यास सांगून ते म्हणाले, "पाव्हणं, मिस्त्री, आधी गाडी बघा. बाकीचं मागनं बोलू." मिस्त्रींनी हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करून घेतली. गिऱ्हाईक येण्याआधीच विकणाऱ्याने गाडी तापवून ठेवली असेल तर थंड इंजिनाचे जे दोष असतात ते झाकले जातात, हा त्यांचा पहिला नियम.

माझा पहिला नियम मात्र कागदांचा. गंजलेली टाकी नवी होते, फुटलेले पिस्टन बदलते. परंतु कागद जर यंत्राशी जुळत नसतील तर त्या यंत्राला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नसते. घरधन्यांनी पत्र्याच्या पेटीतून नोंदणीपुस्तक काढले. त्याची पाने पिवळी पडली होती, घडीवर फाटली होती, तरी मजकूर वाचता येत होता : प्रथम नोंदणी १९६९ ची, क्रमांक १९८९ पूर्वीच्या पद्धतीचा, म्हणजे 'एम'पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा, मूळ मालक दुसरेच, आणि त्यांच्याकडून या घरी झालेल्या हस्तांतराची नोंद शाईने केलेली. एका पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा चढविल्याची नोंद होती आणि तो उतरविल्याचा शिक्काही होता. हा शिक्का पाहण्यास हौशी मंडळी पुष्कळदा विसरतात; आणि बोजा तसाच राहिला असला तर, ती संस्था केव्हाच अवसायनात निघालेली असताना, ना-हरकत दाखला कोणाकडून आणावा या विवंचनेत वर्षे जातात.

त्यानंतर क्रमांक. चेसीचा क्रमांक हँडलच्या मानेवर आणि इंजिनाचा क्रँककेसवर, असे दोन ठिकाणी ठोकलेले आकडे नोंदणीपुस्तकातील आकड्यांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्याने मळ काढला, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीने घासले, आणि परिवहन कार्यालयात घेतात तसा ठसा उतरविला. ठसा कागदावर घेतल्याने डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ काही दिसते : आकड्यांची खोली सारखी आहे की एखादा अधिक खोल बसला आहे, ओळ सरळ आहे की मधलाच आकडा तिरका झाला आहे, सभोवतालचा पृष्ठभाग मूळ ओतीव आहे की ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलेला. येथे आकडे किंचित वरखाली होते आणि मला क्षणभर शंका आली. परंतु मिस्त्रींनी दाखविले की हाताने ठोकलेल्या आकड्यांत इतका फरक राहावयाचाच, आणि संशय घ्यावयाचा तो फाजील नेटकेपणाचा. दोन्ही क्रमांक पुस्तकाशी जुळले. येथपर्यंत तासभर तरी गेला असेल, आणि अजून गाडीच्या रंगरूपाकडे आम्ही पाहिलेही नव्हते.

रंग गडद तांबडा होता, जेथे उरला होता तेथे. टाकीच्या दोन्ही अंगांवरील क्रोमवर गंजाचे ठिपके होते. गुडघ्यांसाठी लावलेली रबरी आवरणे कडक होऊन भेगाळली होती. परंतु साखळी झाकणारे पत्र्याचे बंद आवरण शाबूत होते, आणि त्यामुळे मला विशेष आनंद झाला. साखळी बदलताना गावोगावच्या कामगारांनी ही आवरणे कटकट म्हणून काढून फेकून दिली, आणि ती गेल्यावर धूळ व चिखल थेट साखळीवर बसू लागला. मागच्या बाजूस सांगाड्याला लोखंडी पट्ट्या जोडून केलेला एक आधार होता. "आमचं वडील दुधाच्या कॅनी बांधायचं त्येला," घरधनी म्हणाले. मिस्त्रींचे मत पडले की तो कापून टाकावा, कारण कारखान्याच्या मूळ घडणीत तो नव्हता. मी त्यांच्याशी सहमत झालो नाही, अजूनही नाही. जोडाचे काम नीट आहे, नळीला तडा नाही. ग्राइंडर लावला तर नळीची जाडी कमी होण्याचे भय आहे. आणि या यंत्राने ज्या कामासाठी आयुष्य वेचले त्याचा एवढा एकच पुरावा त्याच्या अंगावर आहे, तो पुसण्याचा अधिकार आपल्यास कोणी दिला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आता इंजिन. २४८ घन सेंटिमीटरचे एकाच सिलिंडरचे हे दोन-स्ट्रोक यंत्र. त्या एका सिलिंडरला धूर बाहेर टाकण्याच्या दोन वाटा, म्हणून दोन बाजूंना दोन सायलेन्सर. याचा सर्वांत नाजूक भाग बाहेरून दिसतच नाही, तो म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांस बसविलेले तेल अडविणारे रबरी सील. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या कोठीत शिरते आणि तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. तेव्हा ती कोठी हवाबंद राहिली पाहिजे. क्लचकडील सील गेले तर गिअरपेटीतील तेल आत ओढले जाऊन जळू लागते, पांढरा दाट धूर निघतो आणि गिअरचे तेल कोठेही न गळता कमी होत जाते; डायनामोकडील सील गेले तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन बेसुमार तापते आणि एखाद्या दिवशी पिस्टन सिलिंडरला चिकटते. सील रबराचे असल्याने ते नुसत्या उभ्या गाडीतही वाळते. तेव्हा "फार चाललेली नाही" हे विकणाऱ्याचे प्रमाणपत्र जुन्या दोन-स्ट्रोकच्या बाबतीत मी तरी गुण म्हणून धरणार नाही.

मिस्त्रींनी थेट किक मारली नाही. त्यांनी प्लग काढला, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने हलके पुढेमागे केले, आणि पिस्टन मोकळे सरकते आहे हे बोटांना कळेपर्यंत घाई केली नाही. मग चाक अगदी हलके पुढेमागे करीत त्यांनी कनेक्टिंग रॉडमध्ये ढिलाई आहे का ते पाहिले. आडवी थोडी हालचाल असावयाचीच; उभी हालचाल जाणवली तर बेअरिंग गेले, आणि मग सारे इंजिन उलगडण्यावाचून गत्यंतर नाही. येथे ती जाणवली नाही. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने घासून साफ केले, आणलेली बॅटरी जोडली, आणि टाकीतील जुने पेट्रोल न वापरता बाटलीतील मिश्रण, म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, नळीने कार्ब्युरेटरला दिले.

जुन्या टाकीतील पेट्रोलविषयी येथेच सांगितले पाहिजे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि त्यातील काही वाटा उसापासून येतो. निमोण्याच्या चहूकडे जे पीक उभे आहे तेच अशा रीतीने या गाडीच्या टाकीत परत येते. शेतकऱ्याला त्यापासून लाभ होतो, आणि त्याबद्दल मला समाधानच आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, दीर्घकाळ पडून राहिल्यास पाण्यासह तळाशी वेगळे होते, पत्रा गंजविते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने टाकीत विजेरीचा झोत टाकून तळ पाहिल्याशिवाय व्यवहाराचा शब्दही काढू नये. या टाकीच्या तळाशी तांबूस गाळ होता, छिद्र मात्र नव्हते.

जावाचा गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबून वर वळविला की किक होते, आणि इंजिन सुरू झाल्यावर पूर्ववत खाली आणला की गिअर. शिवाय गिअर बदलताना पायाच्या दाबानेच क्लच सुटतो, हाताने दाबलाच पाहिजे असे नाही. दांड्याचे दाते झिजले असतील तर तो किक मारताना निसटतो, आणि तोही दोष मिस्त्रींनी आधी हाताने पाहून घेतला. कार्ब्युरेटरवरील बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून त्यांनी किक मारण्यास आरंभ केला. पुष्कळ वेळ काहीच घडले नाही. मग एकदा खोकल्यासारखा आवाज, पुन्हा शांतता, आणि नंतर एकाएकी दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर सोडीत इंजिन चालू झाले. गोठ्यातील जनावरे बिचकली, घरातील पोरे धावत आली. आरंभीचा धूर सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा. तो ओसरतो की पांढरा होऊन वाढतो, याकडे मिस्त्री टक लावून पाहत होते. तो पुष्कळसा ओसरला, सर्वस्वी गेला नाही. क्लचकडील सील बदलावे लागणार, एवढा निर्णय त्यांनी दिला. एका बाजूचा सायलेन्सर काजळीने जवळजवळ बंद झाला होता; ते काम किरकोळ.

पुढे दोरी धरून दोन्ही चाके एका रेषेत असल्याचे पाहिले, मागचा ब्रेक मुळीच नाही असे ठरले, आणि चहा घेतला.

सुटे भाग मिळण्याची विवंचना पुणेकराने फारशी करू नये. नाना पेठेतील दुकाने आहेत, बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आहे, आणि जावा-येझ्दीवर प्रेम करणाऱ्या मंडळींत परस्परांस भाग देण्याची रीत आहे. माझी विवंचना वेगळी आहे. पुष्कळ गाड्या आज अशा दिसतात की ज्यांची टाकी एका यंत्राची, इंजिन दुसऱ्याचे, मडगार्ड नव्याने ठोकलेले आणि वर आरशासारखा रंग. त्या पाहून डोळे निवतात, पण त्यांतील कोणता भाग म्हैसूरहून आला आणि कोणता परवा झाला हे पुढील पिढीला कधीच कळणार नाही. निमोण्याच्या गाडीवर गंज आहे, भेगा आहेत, ब्रेक नाही. तथापि तिचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी समान रीतीने झिजलेला आहे, आणि झीज जुळणे ही क्रमांक जुळण्याइतकीच मोठी साक्ष होय. अशी गाडी मिळाली तर इंजिन, ब्रेक, तारा व टायर यांपुरते काम करावे आणि रंगाला हात लावू नये, असे मी निश्चून म्हणेन.

राहिला हस्तांतराचा प्रश्न. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपात असलेल्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी होऊ शकते; आधीच नोंदलेल्या वाहनाचा जुना क्रमांक कायम राहतो, 'व्हीए' अक्षरांचा विशेष क्रमांक नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांसाठी आहे. परंतु मग ते प्रदर्शन, फेरी अशा प्रसंगांव्यतिरिक्त नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला गाडी चालवावयाची आहे त्याने पर्यावरण कर भरून साधे नूतनीकरणच करावे हे बरे. त्याआधी गाडी वारसाच्या नावे झाली पाहिजे, आणि त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती लागते. नियमाने हा अर्ज मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत करावयाचा असतो, ती मुदत येथे केव्हाच टळली होती. जुनी नोंद संगणकावर चढलेली नसेल तर तीही आधी चढवून घ्यावी लागेल. त्यानंतरच नमुने २९ व ३० भरून ती खरेदीदाराच्या नावे होईल.

मी इसाराची रक्कम पुढे केली. घरधन्यांनी ती घेतली नाही. "सातबाऱ्यावर बहिणींची नावं हायती, मंग गाडीवर का नकोत? एक दौंडला, एक श्रीगोंद्याला. दोघींना इचारतो, त्या हो म्हणल्या तरच इसार," ते म्हणाले, आणि मला त्यांचे म्हणणे सर्वथैव योग्य वाटले, कायद्याला जी संमती कागदावर हवी असते ती त्यांना आधी माणसांकडून हवी होती. विक्री होवो वा न होवो, गाडी पुन्हा तशीच कुजत पडू नये म्हणून मिस्त्रींनी घरधन्यांच्या नातवाला जवळ बोलावले, टाकीतील जुने पेट्रोल व गाळ बादलीत उपसून घेतला, प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडले, आणि महिन्यातून एकदा गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने किती व कसे फिरवावयाचे ते त्याच्याकडून दोनदा करवून घेतले.