ओवशाचं सूप आणि आपली बचत

मैत्रिणींनो, भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठावर पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणून ती ज्येष्ठागौरी. आपल्या रत्नागिरीकडे बऱ्याच घरांत गौर म्हणजे रानातला तेरडा. नव्या सुनेचा पहिला ओवसा असला की सुपांत काकडी, दोडका, फळं, पानं-फुलं मांडतात. पावसात परसात पिकतं तेच! पण हल्ली सुपांबरोबर साड्या नि भेटवस्तूही वाढल्यात, आणि त्यासाठी कर्ज काढलं जातं. सण काही अचानक येत नाही. शिमगा झाल्यावर चैत्रापासून श्रावणापर्यंत महिन्याला १०० रुपये वेगळे ठेवलेत, तर ५०० जमतात. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. गौरीला परसातली काकडी चालते. व्याजाची साडी कशाला?