किती वाजले, हे डेटाबेसला विचारताना

मागच्या भागात रिकाम्या रकान्यात आपोआप मूल्य कसं भरायचं ते पाहिलं. तिथे सगळ्यात जास्त लागणारं मूल्य म्हणजे नोंद झाली ती तारीख-वेळ. ती मिळवणं सोपं आहे. पोस्टग्रेस आणि मायएस्क्यूएलमध्ये ‘नाऊ()’, एस्क्यूएल सर्व्हरमध्ये ‘गेटडेट()’, ओरॅकलमध्ये ‘सिसडेट’. ‘करंट_टाइमस्टॅम्प’ तर या चारही ठिकाणी चालतं. पण मिळालेली वेळ कोणत्या क्षणाची आणि कुठल्या घड्याळाची, हे न बघता ती वापरली की हिशेब हमखास चुकतात.

आधी क्षणाचं बघू. पोस्टग्रेसमध्ये ‘बिगिन’ देऊन ट्रान्झॅक्शन उघडा आणि ‘सिलेक्ट नाऊ()’ चालवा. समजा १०:१५:०२ आलं. आता चहा करून या आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तीच क्वेरी पुन्हा चालवा. उत्तर पुन्हा १०:१५:०२, अगदी मायक्रोसेकंदापर्यंत तेच! सर्व्हर अडकलेला नाही. पोस्टग्रेसचं नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाची वेळ सांगतं. मला हे अगदी योग्य वाटतं. एक बिल, त्यातल्या वस्तूंच्या ओळी आणि गोदामातून वजा झालेला साठा हा सगळा एकच व्यवहार असतो. त्या साऱ्या नोंदींवर एकच वेळ पडली, तर सहा महिन्यांनी ताळा करणाऱ्या माणसाचे कष्ट वाचतात.

याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. रात्री ११:५० ला सुरू होऊन पाऊण तास चालणारं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल, तर साडेबाराला पडलेल्या नोंदीवरही कालचीच तारीख येते. काम किती वेळ चाललं हे मोजायला शेवटच्या नाऊ()मधून पहिलं वजा केलं, तर हाती शून्य. अशा वेळी खरं धावतं घड्याळ हवं. ते म्हणजे ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प()’.

मायएस्क्यूएलमध्ये नाऊ() प्रत्येक विधानाच्या सुरुवातीची वेळ देतं. ‘सिलेक्ट नाऊ(), स्लीप(२), नाऊ()’ चालवून पाहा. दोन्ही वेळा सारख्याच येतील. नाऊ()च्या जागी ‘सिसडेट()’ घाला, की दोन सेकंदांचा फरक दिसेल.

आता घड्याळ. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. बरेच सर्व्हर यूटीसीवर ठेवलेले असतात आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असणाऱ्या एस्क्यूएलाइटचं करंट_टाइमस्टॅम्प तर कायम यूटीसीच देतं. म्हणजे आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलीच तारीख चालू असते. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता केलेल्या नोंदीवर ३१ मार्च, रात्री ८:३० असं पडतं. नुसती तारीख घेऊन अहवाल काढलात, तर ती रक्कम थेट गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

यावर उपाय एकच: साठवताना क्षण साठवा, दाखवताना स्थानिक वेळ दाखवा. पोस्टग्रेसचा ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ हा प्रकार हेच करतो. आत यूटीसी ठेवतो आणि सेशनचा टाइम झोन बघून उत्तर देतो. ‘करंट_डेट’सुद्धा सेशनच्याच टाइम झोनवर ठरते, म्हणून ‘आजची विक्री’ काढणाऱ्या क्वेरीत सेशनवर विसंबू नका. ‘(नाऊ() ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता')::डेट’ असं स्पष्ट लिहा.

झोनचं नावच लिहा, बरं का. ‘यूटीसी+५:३०’ असं लिहिलंत, तर पोस्टग्रेस ते पॉझिक्सच्या जुन्या रीतीने वाचतं आणि त्या रीतीत अधिक चिन्ह ग्रिनिचच्या पश्चिमेकडचं असतं. एरर येत नाही, क्वेरी निमूट चालते आणि वेळ मात्र ११ तास मागची येते.

पुढच्या आठवड्यात दोन तारखांमधलं अंतर काढू. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय येतं, तिथून सुरुवात करू.