सायकलचा हॉर्न कुठवर पोचतो

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावर जिवती आणि पायथ्याला गडचांदूर. खालच्या रस्त्यावर सिमेंटचे बल्कर, कोळशाचे हायवा आणि टिप्पर एकामागे एक धावत असतात. घाट चढून वर गेलं की वाहनं विरळ होतात, पण रस्ता अरुंद होतो. वळणामागून काळीपिवळी येईल, कापसाने शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर येईल की गुरं येतील, याचा नेम नसतो. या दोन्ही रस्त्यांवर सायकली चालतात आणि त्यांत शाळकरी मुलींच्या सायकलीही असतात. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल दिली जाते. लांबच्या मुलींसाठी निळी एसटी.

सायकल घरी आली की आई-बाप पहिली मागणी करतात ती मोठ्या आवाजाच्या हॉर्नची. मागणी रास्त आहे. टिप्परच्या शेजारून पोर जाणार या विचाराने कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण हॉर्न दाबल्यावर नेमकं काय घडतं, तो कोणाला ऐकू जातो आणि ऐकणाऱ्याच्या हातात किती वेळ उरतो, हे समजून घेतलं तर कोणता हॉर्न घ्यायचा आणि कधी वाजवायचा, याचा बराच उलगडा होतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, हा नियम इथे सगळ्यांत कामाचा. समजा, साध्या घंटीचा आवाज एक मीटरवर ८५ डेसिबल आहे. दोन मीटरवर तो ७९ होईल, चारवर ७३, आठवर ६७ आणि सोळा मीटरवर ६१. चालत्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाची घरघर ७५ डेसिबलच्या आसपास धरली, तर चार-पाच मीटरच्या पुढे ती घंटी ड्रायव्हरच्या दृष्टीने वाजलीच नाही. पायी चालणाऱ्या माणसाला मात्र तीच घंटी शांत रस्त्यावर चांगली लांबून ऐकू येते. आवाज तोच आहे, ऐकणाऱ्याभोवतीचा गोंगाट वेगळा आहे.

आता ११५ डेसिबलचा हॉर्न घ्या. सोळा मीटरवर त्याचे ९१ उरतात. ट्रकची काच उघडी असेल तर ड्रायव्हर दचकून बघेल. काच बंद असेल तर काच आणि पत्रा मिळून आणखी वीस-पंचवीस डेसिबल खातात आणि आत पोचतात ६६ ते ७१, म्हणजे पुन्हा घरघरीच्या खाली. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. तासन् तास उन्हात गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरसाठी हा निर्णय फार चांगला आहे, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. पण पुढच्या काळात रस्त्यावर बंद काचांचे ट्रक वाढत जाणार आणि सायकलवाल्याचा आवाज त्यांच्यापर्यंत आणखी कमी पोचणार.

हॉर्नच्या खोक्यावर १२०, १३० असे आकडे छापलेले असतात. ते किती अंतरावरून मोजले, हे बहुधा लिहिलेलं नसतं. हाताच्या अंतरावर मोजलेला आकडा रस्त्यावरच्या गाडीपर्यंत जाता जाता बराच झडतो, म्हणून दोन खोक्यांवरच्या आकड्यांची तुलना करून हॉर्न निवडण्यात अर्थ नाही.

आवाजाइतकाच वेळेचा हिशेब महत्त्वाचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे तो पोचायला लागणारा वेळ इथे नगण्य. वेळ खातो तो माणूस. ऐकणं, काय वाजलं ते उमगणं, नजर वळवणं आणि पाय ब्रेकवर नेणं यात ड्रायव्हरचा सेकंद-दीड सेकंद सहज जातो. घाटात सायकल ताशी २५ किलोमीटरने उतरते आहे आणि समोरून ट्रक २० ने चढतो आहे असं धरा. दोघं एकमेकांकडे सेकंदाला साडेबारा मीटर सरकतात. वळणावर तीस मीटरवर एकमेकांना दिसले तर हातात जेमतेम अडीच सेकंद. त्यातला दीड सेकंद ड्रायव्हरच्या उमगण्यात गेला, उरलेल्या एका सेकंदात भरलेला ट्रक फार काही करू शकत नाही. म्हणून घाटातला हॉर्न समोरचं वाहन दिसल्यावर वाजवायचा नसतो. वळण सुरू होण्याआधी, काहीच दिसत नसताना, एकदा लांब वाजवायचा आणि ब्रेकवर बोटं ठेवून वळणात शिरायचं. पलीकडून उत्तरादाखल हॉर्न आला तर डावीकडे थांबून घ्यायचं. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम मोटार वाहनांच्या नियमावलीतही आहे. उतरणाऱ्या सायकलने तो पाळावा, कारण चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा हलवणं कठीण असतं.

वळणावर कोणता आवाज चालतो? आपला कान साधारण सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या, म्हणजे तीक्ष्ण आवाजांना सर्वाधिक तल्लख असतो. घंटीची किणकिण इंजिनाच्या जाड घरघरीतून वेगळी उठून ऐकू येते ती यामुळेच. पण तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो आणि दरड किंवा दाट झाडी मध्ये आली की अडतो. जाड, खालच्या पट्टीचा आवाज अडथळ्याला वळसा घालून पलीकडे झिरपतो. त्यामुळे बाजारात, शाळेच्या रस्त्यावर घंटी बरी आणि दरडीच्या वळणावर भोंगा बरा. शिवाय वय वाढतं तसं माणसाचं तीक्ष्ण आवाज ऐकणं आधी कमी होतं, आणि वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसलेल्या ड्रायव्हरचे कान तर आणखी थकलेले असतात.

रबरी फुग्याचा भोंगा आत अगदी साधा असतो. फुगा दाबला की हवा एका अरुंद फटीतून पितळी पत्तीला घासून जाते आणि पत्ती थरथरते. पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, स्वर असाच निघतो. पुढचं पसरट तोंड तो आवाज बाहेर फेकतो. त्याला बॅटरी लागत नाही, तो पावसात भिजून बिघडत नाही, आणि पहाडावर वीज गेली तरी अडत नाही. उणीव एवढीच की कुल्फीवाले, भंगारवाले तोच वाजवतात, त्यामुळे गावात लोक सायकल शोधत नाहीत, कुल्फी शोधतात.

दाबाच्या हवेचा हॉर्न म्हणजे हँडलवर कर्णा आणि त्याला नळीने जोडलेली बाटली. सायकलच्या पंपाने बाटलीत हवा भरायची, कळ दाबली की ती हवा कर्ण्यातला पडदा थरथरवते. सायकलवरचा सर्वांत मोठा आवाज बहुधा हाच, आणि तो मोटारीच्या हॉर्नसारखाच भासतो. मात्र काही वेळा वाजवला की हवा संपते. बॅटरीच्या हॉर्नमध्ये एक चकती वीज मिळताच थरथरते. तो स्वस्त आणि हलका आहे, पण चार्जिंग विसरलं की मुका, आणि पावसाचं पाणी बटणात गेलं तरी मुका.

मला स्वतःला घंटी आणि भोंगा अशी जोडी सर्वांत भरवशाची वाटते. घंटीचं टोपण फिरवून उघडलं तर सगळं डोळ्यांसमोर दिसतं: अंगठ्याने ओढायची कळ, तिच्या टोकाला दात्यांची पट्टी, ती फिरवते ती दोन लहान दातेरी चाकं, आणि वरच्या आडव्या पट्टीवर सैल बसवलेले वायसर. कळ ओढली की आडवी पट्टी गरगर फिरते, वायसर बाहेर फेकले जातात आणि टोपणाच्या आतल्या उंचवट्यांवर आपटतात. एका ओढीत अनेक ठोके बसतात, म्हणून ती टण्ण न करता खणखणते. टोपण खालच्या बैठकीला घासत असेल तर आवाज बद्द होतो. तेव्हा मधला स्क्रू किंचित सैल करायचा. चिखल आणि गंज साचला की कळीची स्प्रिंग परत येत नाही. तिथे मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. टोपणाला दप्तराचा पट्टा किंवा टिफिनची पिशवी टेकली तरी घंटी मुकी होते, आणि शाळेच्या सायकलींवर हे नेहमी दिसतं.

समोर माणूस किंवा जनावर असेल तेव्हा मोठा हॉर्न उलटतो. पायी चालणारी म्हातारी दचकली तर ती कुठल्या बाजूला सरेल, सांगता येत नाही. बैल आणि म्हशी कर्कश आवाजाला बिथरून थेट रस्त्यावर येतात. तिथे लांबूनच घंटी, वेग कमी, आणि तोंडाने हाक. हाक हा विसरला गेलेला हॉर्न आहे. बाजूला व्हा, असं ओरडताना दोन्ही हात ब्रेकवरच राहतात, ही तिची मोठी जमेची बाजू.

जंगलपट्ट्यातून जाताना आवाजाचा आणखी एक उपयोग आहे. अस्वल अचानक समोरासमोर आलं की हल्ला करतं. लांबून चाहूल लागली तर बहुधा वाट सोडतं. म्हणून झुडपी वळणांवर घंटी वाजवत, बोलत, दोघा-चौघांनी मिळून जावं. वाघाचा वावर असलेल्या भागात मात्र पहाटे आणि अंधार पडताना एकट्याने सायकल काढूच नये. तिथे कुठल्याही हॉर्नवर भिस्त ठेवता येत नाही.

कायद्याने शाळा, दवाखाने आणि न्यायालयांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येतं आणि तिथे हॉर्न वाजवायला मनाई असते. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न वाजवायचा नाही, आणीबाणीचा अपवाद सोडून. हे नियम २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमावलीतले आहेत. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी घातली, तीही विनाकारण हॉर्नला खतपाणी नको म्हणूनच. सायकलवर मोठा हॉर्न लावणाऱ्याने तो राखून वापरावा. उठसूट वाजणाऱ्या हॉर्नकडे कोणीच बघत नाही.

हॉर्नची खरी मर्यादा मागच्या बाजूला आहे. तो पुढे तोंड करून बसवलेला असतो आणि धोका अनेकदा पाठीमागून येतो. ताशी ६० ने येणारा टिप्पर आणि १५ ने जाणारी सायकल यांच्यातलं अंतरही सेकंदाला साडेबारा मीटरनेच कमी होतं. हॉर्न वाजवून त्याला काही सांगता येत नाही. त्याला तुम्ही दिसायला हवं. तिथे मागचा लाल लुकलुकणारा दिवा, मडगार्डवरचा आणि पेडलवरचा रिफ्लेक्टर आणि फिक्या रंगाचे कपडे हेच काम करतात. आरसा असला तर फार बरं. साइडपट्टी खचलेली असते म्हणून डांबराच्या अगदी कडेला चिकटून चालवू नये, हात-दीड हात आत राहावं, म्हणजे खड्डा चुकवताना अचानक मध्ये यावं लागत नाही. एक बल्कर गेला की त्याच्या वाऱ्याने सायकल हलते, आणि ती सावरत असतानाच दुसरा येतो, कारण ही वाहनं रांगेने चालतात. पहिला गेल्यावर मागे बघितल्याशिवाय मध्ये येऊ नये.

ट्रकची डावी बाजू, जिला ड्रायव्हर क्लीनर साइड म्हणतात, तिथे पुढच्या चाकाशेजारी उभा असलेला सायकलवाला उंच केबिनमधून दिसतच नाही. नाक्यावर ट्रक थांबलेला असताना त्या बाजूने पुढे घुसायचं नाही, हॉर्न कितीही मोठा असो. ड्रायव्हरला आवाज आला तरी तो कुठून आला हे कळत नाही, आणि तो डावीकडे वळला की मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं.

हॉर्न बसवताना जागा नीट निवडावी. ब्रेकवर दोन बोटं असतानाच अंगठा हॉर्नवर पोचला पाहिजे. लहान हाताच्या मुलीसाठी क्लॅम्प मुठीच्या जवळ सरकवावा लागतो, आणि दुकानदार बहुधा तो मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाने लावून देतो. कर्ण्याचं तोंड पुढे असावं, स्वतःच्या कानाकडे नको. कान हँडलपासून हातभरच लांब असतो आणि ११५ डेसिबल रोज ऐकणं त्याला झेपणारं नाही. चालवताना कानात इअरफोन नको, हे वेगळं सांगायला नको.

एक चाचणी शाळेच्या मैदानात करून घेता येते. उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवून शिक्षकांनी सीटवर बसावं आणि डोळे मिटावेत. मुलींनी एकेकीने समोरून, मग मागून, मग बाजूने घंटी आणि भोंगा वाजवत जवळ यावं. ऐकू आल्यावर शिक्षकांनी हात वर करायचा आणि मुलगी जिथे पोचली असेल त्या जागी जमिनीवर चुन्याची खूण करायची. ट्रकच्या बंद केबिनमध्ये बसून तेच पुन्हा केलं तर खुणा किती जवळ सरकतात, ते मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग प्रत्येकीला ट्रकच्या सीटवर बसवून तिच्या मैत्रिणीला क्लीनर साइडच्या चाकाशेजारी सायकल घेऊन उभं करावं आणि काय दिसतं ते विचारावं. सायकलवाटपाच्या दिवशीच हे सगळं उरकता येईल, मैदान आणि ट्रॅक्टर तर गावात असतातच.