कोमिनो

कोमिनो (माल्टी नाव : केम्मुना) हे भूमध्य समुद्रातील माल्टा या देशाचे एक छोटे बेट आहे. माल्टा व गोझो या दोन मोठ्या बेटांमधील सामुद्रधुनीत ते वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.५ चौ. किमी आहे. कायमचे रहिवासी अगदी मोजके असले, तरी उन्हाळ्यात येथे दररोज हजारो पर्यटक येतात. त्यामुळे निसर्गसंरक्षण आणि पर्यटन यांचा मेळ घालणे हा या बेटापुढील प्रमुख प्रश्न ठरला आहे.

नाव व इतिहास

माल्टी भाषेत ‘केम्मुन’ म्हणजे जिरे. त्यावरूनच बेटाला हे नाव मिळाले, असे मानले जाते. सेंट जॉनच्या सरदारसंघाने १६१८ मध्ये येथे सेंट मेरी बुरूज बांधला. समुद्री चाच्यांवर नजर ठेवणे आणि माल्टा व गोझो यांमध्ये संदेशवहन राखणे हा त्याचा उद्देश होता.

निसर्ग

बेट चुनखडकाचे असून त्यावर मोठी झाडे विरळ आहेत. खडकाळ जमिनीवर सुगंधी खुरट्या झुडुपांची वाढ आढळते. युरोपीय संघाच्या ‘नॅचुरा २०००’ या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात कोमिनोचा समावेश आहे.

येथील कड्यांच्या कपारींत येल्कोअन शिअरवॉटर हा समुद्रपक्षी घरटी करतो. माल्टात त्याला ‘गार्निया’ म्हणतात. त्याची मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे एका अंड्याचा नाशही त्या जोडीचे वर्ष वाया घालवतो. पर्यटकांनी टाकलेल्या उष्ट्या अन्नावर उंदीर पोसतात आणि हेच उंदीर अंडी व पिल्ले खातात. हा पक्षी अंधारातच घरट्याकडे परततो. त्यामुळे बोटींचे दिवे व गोंगाट यांचाही त्याला उपद्रव होतो.

भूमध्य समुद्राच्या उथळ तळावर पोसिडोनिया ही वनस्पती वाढते. ती शेवाळ नसून फुले येणारी वनस्पती आहे. माशांच्या पिल्लांना तिच्या कुरणांत आसरा मिळतो. ती अतिशय सावकाश वाढत असल्याने नांगरामुळे उपटली गेलेली कुरणे भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

पर्यटन

कोमिनो व लगतचे कोमिनोत्तो यांच्यामधील ‘ब्लू लगून’ ही उथळ खाडी सर्वांत प्रसिद्ध आहे. तळाशी पांढरी वाळू असल्याने पाणी फिकट निळे दिसते. येथील वाळूचा किनारा मात्र अरुंद आहे. सान्ता मारिया हा उपसागर त्या मानाने शांत असतो. माल्टातील चिर्केव्वा व गोझोतील इम्जार येथून बोटी सुटतात. बेट पायी काही तासांत पाहून होते. भर उन्हाळ्यात सावली दुर्मीळ असते. वसंत ऋतूत हवा सुखद असून रानफुले फुललेली असतात.

वाढत्या गर्दीमुळे २०२५ पासून ब्लू लगूनसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आवश्यक करण्यात आली. नोंदणी विनामूल्य असून आलेल्या पर्यटकास मनगटावर बांधण्याची पट्टी दिली जाते. किनाऱ्यावर एका वेळी किती माणसे असावीत, यावर मर्यादा घालणे हा या व्यवस्थेचा हेतू आहे.