विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा काळ : आंबागडच्या संदर्भात

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतरास विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा काळ मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात तुमसर तालुक्यातील आंबागड येथून निघणारा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

हवाई अंतर हे पृथ्वीगोलावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० कि.मी. आहे. सपाट नकाशा पाहिल्यास विमानाने पश्चिमेकडे जावे असे वाटते. प्रत्यक्षात हा कंस ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढतो. वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखविल्यास हे विद्यार्थ्यांना चटकन उमगते. मात्र विमान नेहमी या कंसावरूनच जाते असे नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अंतर तेवढेच राहिले आणि काळ वाढला. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे जाण्यापेक्षा येण्यास सहसा कमी वेळ लागतो, तो भाग वेगळाच.

अंतराचे खरे महत्त्व नागपूरच्या उदाहरणातून स्पष्ट होते. दिल्ली ते चेन्नई आणि मुंबई ते कोलकाता या दोन्ही सरळ रेषा नागपूरच्या जवळून जातात. मुंबई–कोलकाता अंतर सुमारे १,६६० कि.मी. आहे, नागपूरमार्गे गेल्यास त्यात जेमतेम दहा-वीस किलोमीटरची भर पडते. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपालसेवा याच भूमितीवर उभी होती. चारही महानगरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या ठिकाणी परतत. त्या काळच्या डाकोटा विमानांचा वेग आजच्या जेट विमानाच्या निम्म्याहूनही कमी होता. तरीही रात्र पुरत असे!

आज नागपूर–मुंबई हे सुमारे ६९० कि.मी. अंतर ताशी ८०० कि.मी. वेगाने ५२ मिनिटांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र सुमारे दीड तास धरलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरण्यासाठी थांबणे यांचा वेळ अंतराच्या मानाने कमी होत नाही. लांबच्या उड्डाणात हा वेळ जाणवत नाही. जवळच्या उड्डाणात तोच भारी पडतो.

आंबागडच्या प्रवाशास तर याहून मोठा हिशेब करावा लागतो. किल्ल्याच्या पायथ्यापासून नागपूर विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७५ कि.मी. असला, तरी रस्त्याने ते अंतर शंभराच्या घरात जाते. त्यात दोन-अडीच तास जातात आणि उड्डाणापूर्वी दीड-दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे लागते. सकाळी सहाच्या विमानासाठी त्याला रात्री दीड-दोनच्या सुमारास घर सोडावे लागते. त्या वेळी गावातून एस.टी. नसते.