तीन पंधरा, तीन आठ

“अक्कल आठच ठेव. पंधरा ताकदीला लागतात.” दौंड स्टेशनबाहेरच्या टपरीवर हे वाक्य कानावर आलं आणि चहा संपला तरी मी हललो नाही. दोन तरुण खाकी कव्हर घातलेल्या जाड पुस्तकात डोकं घालून एक माणूस घडवत बसले होते. हे काय चाललंय ते मला बघायचंय म्हटल्यावर त्यातला मोठा म्हणाला, “या की रविवारी.”

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो अमेरिकेत काढला, पहिल्या छपाईच्या प्रती हजारच. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे आपापलं पात्र होऊन गोष्टीत शिरतात आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. इथला डीएम रेल्वेत नोकरीला आहे. त्याच्या गोष्टीतला किल्ला भीमेकाठच्या पेडगावच्या बहादूरगडावरून घेतलेला. नकाशात लक्ष्मीनारायणाचं देऊळही आहे. खेळणारे चौघं. दोघे कॉलेजातले, एक दवाखान्यात काम करणारी ताई, आणि टपरीवरचा तो अक्कल आठ ठेवणारा पोरगा. तो रांजणगावला कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो आणि शिरूरहून न्हावरे, पारगाव करत मोटारसायकलवर येतो. वाटेतल्या गुऱ्हाळांचा वास त्याच्या जॅकेटला चिकटून खोलीत येतो.

पात्राला सहा गोष्टी असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. पूर्वी तीन फासे टाकायचे आणि पडेल ते नशीब. आता नशिबावर सोडायचं नसेल तर २७ गुण मिळतात, त्यांत सहाही बसवायच्या. आठचा आकडा फुकट, पंधराला नऊ गुण. शिरूरच्या पोराने तीन पंधरा घेतले आणि तीन आठ. नऊ त्रिक सत्तावीस, एकही गुण वाया नाही. ताईने तीन तेरा आणि तीन बारा घेतले. त्याचीही बेरीज सत्तावीसच. ती म्हणाली, “माझी बाई गाणारी आहे, गावोगाव हिंडलेली. ती कशातच अगदी टाकाऊ कशी असेल?”

डीएमच्या वहीत पहिल्या पानावर एकच आकडा मोठा काढलाय: ६५. सुरुवातीच्या धड माणसाचे शंभरातले पासष्ट वार लागावेत, असं धरूनच नियम लिहिलेत, हे त्याचं म्हणणं. त्याने मला करून दाखवलं. ऑर्क नावाच्या राक्षसाचं चिलखत तेराचं. पोराची ताकद, माणूस म्हणून मिळालेला एक वाढीव गुण धरून, सोळा. तिचे तीन आणि सरावाचे दोन असे पाच फाशात मिळवायचे. म्हणजे आठ किंवा वर पडलं की वार लागला. विसातले तेरा. पासष्ट टक्के.

त्या पोराने मात्र पुस्तकातून एक खुबी शोधून काढली होती, ‘ग्रेट वेपन मास्टर’. आपणहून फाशातून पाच वजा करायचे. वार लागला तर इजा दहाने जास्त. पासष्टचे चाळीस झाले. त्याचं पात्र बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा. त्यावर त्याने बार्बेरियनचा बेभान वार चढवला: दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. चाळीसचे चौसष्ट झाले. पासष्टातला एक टक्का गेला आणि त्याच्या तलवारीची सरासरी दहाची वीस झाली. ताईच्या गाणारीचे साठ टक्के वार लागतात, साडेसहाच्या सरासरीने. दर डावाला तिचे चारला थोडे कमी, त्याचे पावणेतेरा. सव्वातीनपट, आणि दोघांचे गुण सत्तावीसच.

त्या रविवारी डीएमने तीन ऑर्क आणले होते. पुस्तकाच्या हिशेबाने प्रत्येकी अनुभवाचे शंभर गुण, तिघे एकत्र म्हणून दुप्पट, एकूण सहाशे: दुसऱ्या लेव्हलच्या चौघांना ‘कठीण’. ऑर्कच्या अंगात जीव पंधरा. पोराचा वार वीसचा. दोन त्याने पाडले, तिसरा कॉलेजवाल्यांनी संपवला. ताईने फासा मुठीत धरला होता, तो तिने तसाच डबीत ठेवला. “असू दे, पुढच्या वेळी,” म्हणाली. मला त्या खोलीतलं दुसरं काही इतकं आठवत नाही.

अशा वेळी हिशेबी खेळाडूला स्वार्थी म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. हा पोरगा दिवसभर मायक्रॉनमध्ये काम करतो. हातात आलेलं पुस्तक तो ओळीखाली बोट धरून वाचतो. उणीव पुस्तकात होती, आणि २०२४च्या सुधारित आवृत्तीत पाच वजा-दहा अधिक काढूनही टाकलं. पण नुसती गणितं सारखी करून भागत नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या प्रकारांची पात्रं कसोशीने एका पातळीवर आणली होती, तेव्हा सगळी एकसारखीच वाटतात म्हणून कितीतरी जण नाराज झाले, आणि जुन्या नियमांवर उभ्या राहिलेल्या ‘पाथफाइंडर’कडे वळले. तोल टेबलावर सांभाळावा लागतो, आणि ते काम कुणीतरी रात्री जागून करतं.

ते काम बघायला मी आठवड्याच्या मधल्या एका दिवशी गेलो. ड्यूटीवरून येऊन डीएम वही घेऊन बसला होता. ऑर्कचा जीव पंधराचा तीस कर, असं मीच सुचवलं. त्याने मान हलवली. “मग त्याची मेहनत मी चोरली. आणि ताईला तर एक ऑर्क मारायला दुप्पट वेळ.” त्याने आकड्यांना हात लावला नाही, जागा बदलली. ऑर्क भाले घेऊन किल्ल्यातल्या पाणी उपसायच्या हत्तीमोटेच्या पलीकडे, उंचावर गेले. बेभान वार करणाऱ्यावर शत्रूलाही दोन फासे मिळतात, ही त्याच नियमातली दुसरी ओळ. ती आता कामाला लागली. आणि दारावर एक पहारेकरी बसवला, ज्याला मारलं तर आत कुणालाच जाता येणार नाही.

पुढच्या बैठकीत बार्बेरियन भाले खाऊन मोटेशी टेकला. पहारेकऱ्याशी बोलायची वेळ आली, तर त्याची छाप आठ. पोरगा स्वतःच म्हणाला, “ताई, तू बोल.” ती बोलली, बराच वेळ, फासा टाकायच्या आधीच आम्ही सगळे ऐकत होतो. पडले चौदा, पुरले.

जेवताना डीएमने विचारलं, नव्या आवृत्तीचा नियम लावू का. पोरगा गप्प राहिला. उत्तर ताईने दिलं, “त्याचं राहू दे. वाचून काढलंय त्यानं. मला फक्त बोलायला माणसं ठेवत जा.” पुढच्या रविवारसाठी वहीत तीनऐवजी दोनच ऑर्क आहेत आणि भीमेच्या उतारावर एक नावाडी. शिरूरच्या पोराने लगेच विचारलं, नावाड्याचं चिलखत किती?