तीन गोळ्या, तरी बीपी वरच? ऑपरेशनच्या आधी हे बघा

बिडकीनमधून बोलतोय. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

प्रश्न बऱ्याच घरांतला आहे: "पप्पा बीपीच्या तीन गोळ्या घेतात, तरी १६० च्या खाली येत नाही. नस जाळायचं ऑपरेशन असतं म्हणे, करायचं का?"

असतं. नाव रीनल डिनर्व्हेशन. किडनीच्या धमन्यांभोवती बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. ते जास्त चाळवलं की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढतं. डॉक्टर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी तिथपर्यंत नेतात आणि रेडिओ लहरी किंवा अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने ते तंतू निकामी करतात. पोट फाडावं लागत नाही.

आता गंमत ऐका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ५३५ पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. काहींवर खरी प्रोसिजर केली, काहींवर नुसतं नाटक, म्हणजे तंतू जाळलेच नाहीत. सहा महिन्यांनी वरचं बीपी खरीवाल्यांचं सरासरी १४ ने उतरलं आणि नाटकवाल्यांचं १२ ने! असं का? एक कारण सांगतात: आपल्यावर लक्ष आहे म्हटल्यावर लोक गोळ्या नीट घेऊ लागले.

पुढे यंत्रं सुधारली, नव्या चाचण्यांत फरक दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा दोन यंत्रांना मान्यता दिली. पण फायदा माफक आहे. गोळ्या बहुतेकांच्या सुटत नाहीत.

म्हणून आधी घरातच तपासा:

१. पाकिटातल्या गोळ्या मोजा. बरं वाटलं म्हणून सोडल्या नाहीत ना?

२. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून मोबाइलमध्ये लिहा. त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. अर्धा तास चहा-तंबाखू नाही.

३. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी चढवतात. पापड, लोणचं, ठेच्यातलं मीठही.

४. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही, लघवीची गोळी धरून तीन औषधं पूर्ण डोसमध्ये चालू असताना बीपी वरच राहिलं, तर ते खरं हट्टी बीपी. मग फिजिशियन किडनी आणि हार्मोनच्या तपासण्या करतात, बऱ्याचदा चौथी गोळी देतात. ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

आणि हो, तोवर चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. पॅरालिसिसचा झटका सांगून येत नाही. आज रात्री पप्पांचं गोळ्यांचं पाकीट एकदा हातात घ्या.